तळ्याची नोंदवही शाळेकडे असावी

गोव्यातल्या शाळा-महाविद्यालयांत दरवर्षी पाणी तपासणीचे प्रकल्प होतात. कुणी साळ नदीचे पाणी बाटलीत भरून आणते, कुणी करमळीच्या तळ्यावर पक्ष्यांची यादी करते, कुणी वाड्यावरच्या विहिरींचा पीएच काढते. तक्ते रंगतात, स्पायरल बांधणी होते, तोंडी परीक्षा होते, गुण मिळतात. पुढच्या वर्षी नवी मुले नव्या जागी जातात आणि सगळे पहिल्यापासून सुरू होते. वर्षांमागून वर्षे अहवाल साठत जातात, पण त्यातले कुठलेही दोन एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. ही मेहनत वाया जाऊ नये. प्रत्येक शाळेने आपल्या जवळचे एक तळे, एक व्हाळ (ओढा) किंवा खाजनाची, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीची, एक मानस (भरतीचे पाणी अडवणारा दरवाजा) निवडावी, तिथेच, त्याच पद्धतीने वर्षानुवर्षे मोजावे आणि ती नोंदवही गावाची मानली जावी. शालान्त मंडळाने गुण द्यायचे ते नोंदीच्या खरेपणाला. निष्कर्षाला गुण देणे थांबवावे.

सरकारी यंत्रणा मोजतेच आहे, मग मुलांनी कशाला मोजायचे, असे कुणी विचारेल. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ ठरलेल्या केंद्रांवर नियमित नमुने घेते आणि ते काम महत्त्वाचे आहे. २०१८ मध्ये केंद्रीय मंडळाने देशातल्या ३५१ प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा त्यात गोव्याचे ११ पट्टे होते. ते कळले ते या मोजणीमुळेच. पण ही केंद्रे प्रामुख्याने नद्यांवर असतात. नदीला मिळणारा वाड्यावरचा व्हाळ, शेताच्या कडेची तळी, खाजनातली पोय (मानशीच्या आतला पाण्याचा साठा) बहुतेक वेळा कुणाच्याच यादीत नसते. नदी बिघडते ती याच वाटांनी. मडगावच्या आसपासचे सांडपाणी साळ नदीत थेट उडी मारत नाही, ते आधी गटारात, मग ओहोळात आणि मग नदीत येते. त्या मधल्या टप्प्यावर रोज उभे असलेले कुणी असेल तर ते शाळेत जाणारे मूल.

दुसरे कारण कायद्यातले आहे आणि गोव्याला ते विशेष लागू पडते. २०१७ च्या पाणथळ जागा नियमांनी पाणथळ जागेच्या व्याख्येतून नदीपात्रे, भातशेते, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव आणि सिंचन, मत्स्यपालन, मीठ उत्पादन यांसाठी खास बांधलेल्या रचना वगळल्या आहेत. आता गोव्यातली तळी पाहा. आपल्या पूर्वजांनी बांध घालून पाणी अडवले, पावसाळ्यानंतर ते खालच्या शेतीला सोडले, आणि त्या साठलेल्या पाण्यावर पक्षी उतरू लागले. कुडचड्याचे ४२ हेक्टरांचे नंदा तळे २०२२ मध्ये गोव्याचे पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाले. तेही पाणी साठवून खालच्या बाजूला भात पिकवणाऱ्या व्यवस्थेचाच भाग आहे. मिठागरे, खाजने, शेतीची तळी ही आपल्याकडची सर्वांत समृद्ध पक्षीस्थळे, आणि नेमकी तीच ‘माणसाने बांधलेली’ म्हणून व्याख्येबाहेर ढकलली जाण्याचा धोका आहे. अशा वेळी इथे काय राहते, कधी राहते, पाणी किती दिवस टिकते, याची दहा वर्षांची नोंद गावाकडे असेल तर बोलायला आधार मिळतो. नोंद नसेल तर भावना उरतात, आणि भावनांवर भराव थांबत नाही.

आता मोजण्याकडे येऊ. गोव्यात मोजणी फसते ती बहुतेक वेळा भरती-ओहोटीमुळे. मांडवी, जुवारी, शापोरा, साळ या सगळ्या नद्यांच्या खालच्या पट्ट्यात पाणी दिवसातून दोनदा चढते आणि दोनदा उतरते. भरतीला समुद्राचे तुलनेने स्वच्छ, खारे पाणी आत येते, ओहोटीला वरचे गोडे आणि गावातले सांडपाणी खाली उतरते. एकाच पुलाखालचे पाणी सकाळी एक असते आणि दुपारी दुसरेच. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे सात दिवसांत ती पावणेसहा-सहा तासांनी सरकते, आणि भरतीपासून ओहोटीचे अंतरही सुमारे सव्वासहा तासांचेच. जी शाळा दर शनिवारी सकाळी दहा वाजता नमुना घेते तिला एका शनिवारी भरती मिळेल, पुढच्या शनिवारी ओहोटी. मग आलेखात दर आठवड्याला प्रदूषण वर-खाली होताना दिसते, मुले त्यामागे कारखाना शोधतात, आणि कारण आकाशातल्या चंद्रात असते.

यावर उपाय सोपा आहे आणि तो आपल्या पंचांगातच आहे. एका आठवड्याऐवजी पंधरा दिवसांनी, एकाच तिथीला, एकाच वेळी जावे. शुक्ल पंचमी आणि वद्य पंचमी या दोन्ही दिवशी भरतीची वेळ जवळपास सारखी असते. मासेमारी करणारी माणसे हे हिशेब पिढ्यान्पिढ्या करत आली आहेत. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास ढोबळमानाने मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना आडाखा. दोन गोष्टींचे भान ठेवावे. नदीत जितके आत जाल तितकी भरती उशिरा पोहोचते, म्हणून आपल्या जागेची वेळ एक पूर्ण दिवस काठी रोवून स्वतः पाहून घ्यावी. आणि दिवसातल्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, त्यामुळे सकाळची भरती निवडली असेल तर ती कायम सकाळचीच ठेवावी. खाजनात मानशीचे दरवाजे उघडे होते की बंद, हेही प्रत्येक नोंदीत हवे. त्यावाचून क्षारतेच्या आकड्याला अर्थ नाही.

काय मोजावे? शाळेने हाव धरू नये. तापमान, पारदर्शकता, क्षारता आणि विरघळलेला प्राणवायू एवढे चार आकडे नीट मिळाले तरी पुष्कळ झाले. पीएच गोड्या पाण्यात घ्यावा, पण तो वाचताना आपली जमीन ओळखावी. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी मुळातच किंचित आम्लधर्मी असते. ६ किंवा त्याहून थोडा कमी पीएच दिसला म्हणून विहीर ‘प्रदूषित’ ठरत नाही. असे कित्येक प्रकल्प ६.५ ते ८.५ ही पुस्तकातली मर्यादा लावून निरोगी विहिरींना नापास करतात. पीएच मीटरचे टोक कोरडे पडले की ते खोटे बोलू लागते. ते पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात ठेवावे, शुद्ध पाण्यात नव्हे, आणि प्रत्येक फेरीआधी ४ आणि ७ च्या बफरवर, म्हणजे ठरलेल्या पीएचच्या द्रावणांवर, जुळवून घ्यावे.

क्षारतेसाठी बाजारात मिळणारे पेनासारखे टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारे) मीटर खाडीत निरुपयोगी ठरतात. त्यांची धाव लिटरमागे साधारण ९,९९० मिलिग्रॅमपर्यंत, आणि समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ३५,००० मिलिग्रॅम क्षार. मीटर पट्टीबाहेर गेला की मुले शेवटचा दिसलेला आकडा लिहून मोकळी होतात. हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर घ्यावा, तो पाण्यात प्रकाश किती वळतो यावरून क्षारता दाखवतो. दोन थेंब पाणी पुरते, बॅटरी लागत नाही, फक्त आधी ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य जुळवून घ्यावा लागतो. पारदर्शकतेसाठी २० सेंटिमीटर व्यासाची काळी-पांढरी सेक्की तबकडी शाळेत कुणीही बनवू शकते. दोरीने खाली सोडताना दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, या दोहोंची सरासरी लिहायची. उथळ पोयीत तबकडी तळाला टेकली तर आकडा लिहू नये, ‘तळाला लागली’ असे लिहावे.

खरे बोलणारा आकडा प्राणवायूचा. तो रसायनांनी मोजणाऱ्या विंकलर पद्धतीला महागडे यंत्र लागत नाही, शिस्त लागते. ३०० मिलिलिटरची काचेची बाटली पाण्याखाली, पृष्ठभागापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, प्रवाहाकडे तोंड करून भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये, कारण तो बुडबुडाच प्राणवायू सोडतो आणि मेलेले पाणी जिवंत दिसते. मग पिपेटचे टोक पाण्यात बुडवून २ मिलिलिटर मँगनस सल्फेट आणि २ मिलिलिटर अल्कली-आयोडाइड-अझाइड घालायचे, बूच लावून बाटली उलटीसुलटी करायची. तपकिरी साका बसला तर प्राणवायू आहे, पांढरा राहिला तर जवळजवळ नाही. मुलांना जागेवरच उत्तर दिसते, आणि त्यासारखा धडा वर्गात देता येत नाही. साका खाली बसल्यावर २ मिलिलिटर सल्फ्युरिक आम्ल घालायचे ते शिक्षकांनीच. इथे नमुना ‘बांधला’ जातो. तो अंधारात ठेवून आठ तासांच्या आत प्रयोगशाळेत २०३ मिलिलिटर घेऊन ०.०२५ नॉर्मल थायोसल्फेटने टायट्रेट केला, म्हणजे रंग जाईपर्यंत ते थेंबाथेंबाने घातले, की जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रतिलिटर. नुसते पाणी भरून शाळेत नेले आणि दुपारी तपासले, तर वाटेत बाटलीतले जिवाणू आणि शेवाळ यांनी उत्तर बदलून टाकलेले असते. सर्वाधिक प्रकल्प बिघडतात ते इथे.

हा आकडा वाचतानाही दोन गोष्टी लागतात. ३० अंशांना गोडे पाणी लिटरमागे सुमारे ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू धरते, समुद्राचे पाणी मात्र ६.२ च्या आसपासच. म्हणून ५.५ हा आकडा व्हाळात साधारण तर खाडीच्या तोंडाशी चांगला. केंद्रीय मंडळाच्या वर्गवारीत आंघोळीच्या गोड्या पाण्याला किमान ५ आणि मासे-वन्यजीवांसाठी किमान ४ मिलिग्रॅम लागतात. या रेषा मुलांना माहीत हव्यात, पण तापमान आणि क्षारता शेजारी लिहिल्याशिवाय त्या रेषांशी तुलना करू देऊ नये. दुसरी गोष्ट वेळेची. शेवाळ माजलेल्या तळ्यात दुपारी तीन वाजता प्राणवायू भरभरून असतो, कारण शेवाळ उन्हात तो तयार करत असते. रात्रभर तेच शेवाळ तो खाऊन टाकते आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडतात. जेवणाच्या सुट्टीनंतर मोजणाऱ्या शाळेला असे तळे कायम निरोगी दिसेल.

मैल्याच्या जिवाणूंसाठी शाळांमध्ये एच-टू-एस बाटलीचा प्रघात आहे. पाणी घालून एक-दोन दिवस उबेत ठेवायचे, काळे पडले तर दूषित. विहिरीसाठी ही चाचणी चांगली आहे. खारफुटीच्या चिखलातल्या पाण्यात मात्र मुळातच सल्फाइड असते, तिथे बाटली मैल्यावाचूनही काळी पडू शकते. खाजनातल्या पाण्यावर ही चाचणी वापरून कुणावर बोट ठेवू नये. डिचोली-सत्तरीकडच्या लाल पाण्याबाबतही हीच काळजी घ्यावी. खाणीचा ढिगारा आणि साधी जांभी माती दोन्ही पहिल्या पावसात लाल पाणी सोडतात. ढिगाऱ्याच्या वरचा एक नमुना, खालचा एक, आणि खाण नसलेल्या शेजारच्या व्हाळाचा एक, असे तीन एकाच पावसात घेतले तरच तुलना होते.

पक्षी हा या नोंदवहीचा दुसरा अर्धा भाग, आणि इथे गैरसमज जास्त आहेत. ‘पक्षी भरपूर, म्हणजे पाणी चांगले’ असे प्रकल्पांत सर्रास लिहिलेले असते. शेकाट्या आणि बगळे सांडपाण्याच्या तोंडाशी हमखास जमतात, कारण कुजणाऱ्या चिखलात अळ्या विपुल असतात. एकूण संख्येपेक्षा कोण काय खातो हे पाहावे. पाणकावळ्याला मासे लागतात, मुग्धबलाकाला गोगलगायी. अडई आणि तलवार बदकांना उथळ पण उघडे पाणी हवे. जांभळ्या पाणकोंबडीला आणि कमळपक्ष्याला वनस्पतींचे आच्छादन. जलपर्णी किंवा साल्विनिया या तरंगत्या वनस्पतींनी तळे झाकले की आधी बदके जातात, पाणकोंबड्या राहतात, आणि एकूण आकडा कदाचित बदलतही नाही. म्हणून पक्ष्यांसोबत तीन गोष्टी लिहाव्यात: पट्टीवरची पाण्याची खोली, उघड्या पाण्याचा अंदाजे हिस्सा, आणि एकाच खुणेच्या दगडावरून, एकाच दिशेने काढलेला फोटो. वितभर पाण्यात चरणारी बदके खोली वाढली की दुसरीकडे जातात. बांधावरची पाणी अडवणारी फळी कुणी एक महिना उशिरा काढली तरी गणना कोसळू शकते, आणि प्रदूषणाचा त्याच्याशी काही संबंध नसतो.

तळ्यावर सूर्योदयानंतरच्या पहिल्या दोन तासांत मोजावे, दर वेळी तेवढीच मिनिटे. दोघांनी वेगवेगळे मोजावे, एकमेकांना न विचारता, आणि दोन्ही आकडे लिहावेत. मोठा थवा असेल तर आधी दहा पक्षी मोजून त्यांनी व्यापलेली जागा डोळ्यात धरायची आणि त्या मापाने पुढे जायचे. खाडीकिनारी चिखल्या आणि तुतारी ओहोटीला मैलभर पांगतात, भरतीला मात्र मिठागरांच्या बांधांवर एकत्र येतात. तिथे भरतीलाच मोजणे शहाणपणाचे. एकही पक्षी नव्हता तर शून्य लिहायचे. पान कोरे सोडले तर कुणी गेलेच नव्हते की पक्षी नव्हते, हे पाच वर्षांनी कळणार नाही. दरवर्षी जानेवारीत होणाऱ्या आशियाई पाणपक्षी गणनेत जाणकार मोजतात, पण तो वर्षातला एक आकडा. ऑक्टोबरात पहिले स्थलांतरित कधी आले, मार्चमध्ये कधी गेले, हे पंधरवड्याने पंधरवड्याला सांगू शकेल ती तळ्याशेजारची शाळाच.

मुलांची मोजमापे विश्वासार्ह नसतात, हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. ती नसतात, जेव्हा त्यांच्याकडे निष्कर्ष मागितला जातो. मुलांना ‘प्रदूषण सिद्ध करा’ म्हटले तर ती सिद्ध करतील, गुण त्यालाच आहेत. उलट दर दहाव्या नमुन्याची जोडबाटली, म्हणजे त्याच जागी त्याच वेळी भरलेली दुसरी बाटली, घ्यायला लावा. दोन बाटल्यांतल्या प्राणवायूत लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमहून जास्त फरक आला तर तो दिवस संशयित म्हणून खूण करा, खोडू नका. खाडाखोड नसलेली, सगळे आकडे सुबक असलेली वही परीक्षकाने संशयाने पाहावी. सत्रातून एकदा जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाने तेच पाणी तपासून आकडे ताडून द्यावेत. गोवा विद्यापीठ ताळगावला आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोनापावलाला असताना एवढ्या लहान राज्यात हे अशक्य नाही.

सुरक्षेचा आक्षेप मात्र पूर्ण खरा आहे. पावसाळ्यात भातशेतात आणि पोयीत अनवाणी उतरणे म्हणजे लेप्टोस्पायरोसिसला, उंदीर-गुरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाला, आमंत्रण. गमबूट हवेत, पायावर जखम असलेल्या मुलाने काठावरच थांबावे. कुंभारजुवे कालव्यात आणि त्याच्या आसपास मगरी आहेत, तिथे पाण्याच्या कडेला मूल नेऊच नये. पुलावरून दोरीच्या बादलीने नमुना घ्यावा. बादलीत पाणी आपटून हवा मिसळते, म्हणून अशा जागी प्राणवायूचा आकडा सोडून द्यावा. कमी मोजलेले चालेल.

नोंदवहीचे पुढे काय, हा खरा सार्वजनिक प्रश्न. १९७४ च्या जल कायद्याच्या २१व्या कलमानुसार सांडपाण्याचा नमुना न्यायालयात टिकायचा तर तो मंडळाने अधिकार दिलेल्या व्यक्तीने, ताबेदाराला नोटीस देऊन, ठरलेल्या रीतीने मोहोरबंद करून घ्यावा लागतो. मुलांची बाटली हा पुरावा नाही आणि तसा आव आणू नये. कुठल्या हॉटेलचे, कुठल्या कारखान्याचे नाव शाळेने वहीत लिहू नये. वहीने सांगायचे ते हे: या व्हाळात, या टप्प्यावर, शनिवार-रविवारी ओहोटीला प्राणवायू २ च्या खाली जातो, मंगळवारी जात नाही. हे वाचून मंडळाने कधी आणि कुठे यायचे ते ठरवता येते. आज तक्रारीनंतर अधिकारी येतात तेव्हा पाणी वाहून गेलेले असते.

२००२ च्या जैवविविधता कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी प्रत्येक पंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असणे बंधनकारक केले आहे. त्या नोंदवह्या एकदा भरून कपाटात ठेवण्यासाठी नाहीत. शाळेच्या वहीची प्रत दर सत्राला या समितीकडे जावी, ग्रामसभेत मुलांनी ती वाचून दाखवावी, आणि सरपंचांनी पुढच्या सभेत लेखी सांगावे की काय केले किंवा का केले नाही. घरट्यांच्या आणि रात्रथाऱ्यांच्या नेमक्या जागा तेवढ्या जाहीर वाचनातून वगळाव्यात. शिकार आणि फोटोसाठीची गर्दी दोन्ही तिथे पोहोचतात.

शिक्षकांवर हे आणखी एक ओझे ठरू नये यासाठी सध्याचा प्रकल्पच याने बदलावा, त्यात भर घालू नये. पंधरवड्याला दीड तास, चार आकडे, एक पक्षीगणना, एक फोटो. नववीच्या मुलांनी जाताना आठवीच्या मुलांना दोन फेऱ्या सोबत नेऊन काम सोपवावे, त्या सोपवण्यालाही गुण असावेत. वही शाळेच्या जड वस्तूंच्या यादीत चढवावी, म्हणजे शिक्षकाची बदली झाली तरी ती त्यांच्यासोबत जाणार नाही. पहिली तीन वर्षे कुणी निष्कर्ष मागू नयेत. गोव्यात एखादा पावसाळा लवकर संपतो, एखादा दिवाळीपर्यंत रेंगाळतो. तीन वर्षे पाहिल्याशिवाय या तळ्याचे नेहमीचे वर्ष कोणते हेच कळत नाही. चौथ्या वर्षी नववीच्या वर्गाला पहिला प्रश्न विचारावा: यंदा काय वेगळे आहे, आणि ते भरतीने, पावसाने की फळी उशिरा काढल्याने झालेले नाही, हे तुम्ही कशावरून म्हणता?